ताकद शून्य

२ जुलै २०२३, रविवार

आजपासून डायरी. ताई म्हणाली, "चॅनेल काढतोयस ना, मग डोक्यात येईल ते लिहून ठेव. नाहीतर कॅमेऱ्यासमोर तुझं ततपप होतं." होतं. खोटं कशाला बोलू.

मरोळच्या ऑफिसने आमची अख्खी टीम घरी बसवली, त्याला बरेच दिवस झाले. मी तिथे मोबाईल गेम तपासायचो, म्हणजे लोकांच्या आधी आपण खेळून चुका शोधायच्या. आता घाटकोपरच्या घरात बसून आईच्या आमटीतल्या चुका शोधतो, असं ताईचं म्हणणं. तिनेच सुचवलं की दोघं मिळून मराठीत व्हिडिओ करू. विषय एकच, रोल प्लेइंग गेम. आपण एक पात्र बनवायचं, त्याला ताकद, बुद्धी, चपळाई वाटून द्यायची आणि त्याच्या नावाने एक मोठी गोष्ट जगायची, ते खेळ. त्यांचे प्रकार शेजारी शेजारी ठेवून सांगायचं, कुठला कसा बनवलाय आणि का.

भांडण आमचं जुनंच आहे, फक्त समोर कॅमेरा लावायचा. ताई ॲक्शनवाली. राक्षस अंगावर धावून येतो, बरोब्बर त्या क्षणी बटण दाबलं तर वाचलात, नाहीतर मेलात. मी टर्नवाला. आपला चान्स आला की सगळं जग थांबतं, आपण निवांत विचार करायचा, मग वार. मग राक्षसाचा चान्स. ताई म्हणते, "तुझे राक्षस तलवार उगारून रांगेत उभे राहतात रे. रेशनच्या दुकानात आल्यासारखे." मी म्हणतो, तुझ्या खेळात डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं.

ताई म्हणजे अनुपमा, माझी मोठी बहीण, अंधेरीला विम्याच्या ऑफिसात. लहानपणी भटवाडीत खाली सायबर कॅफे होता. तिथे मला हाताला धरून तीच न्यायची, आणि तिथल्या सगळ्या टग्या पोरांना हरवून परत आणायची. बोटं काय चालतात तिची! आई म्हणते, एवढ्या वेगात कोळंबी सोलली असतीस तर आतापर्यंत लग्न झालं असतं.

१६ जुलै

पहिला भाग टाकला. झकास झालाय.

मी माझा मुद्दा एकदम नीट मांडला. ॲक्शनमध्ये पात्राचे हात म्हणजे तुमचेच हात. त्याला कितीही ताकद द्या, तुमचं बोट चुकलं की तो मेला. टर्नच्या खेळात पात्राचे हात त्याचे, तुम्ही नुसतं सांगायचं. म्हणजे एकात खेळाडूचं कसब मोजतात, दुसऱ्यात पात्राचं. कुठला श्रेष्ठ, हे ज्याचं त्याने ठरवावं.

यावर ताई पटकन म्हणाली, "म्हणजे खेळणारा लुळा असला तरी चालतो म्हण की."

खाली सगळ्या कमेंट या वाक्यावर. माझ्या मुद्द्यावर एक नाही. ताई दिवसभर उजवा अंगठा चोळत माझी उडवत होती. मोबाईल वापरून वापरून बधिर होतो म्हणे.

३० ऑगस्ट, राखी

ताईला राखीची गाठच मारता येईना. धागा सारखा निसटत होता. शेवटी म्हणाली, "आई, तू मार गं. माझी नखं वाढलीत." नखं मला तरी दिसली नाहीत. आईने गाठ मारली, ताईच्या हाताकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. ओवाळायचं राहूनच गेलं. सणावाराला या दोघींचं काय बिनसतं देव जाणे.

२४ सप्टेंबर

गणपतीला गावी जाऊन आलो. ताई फुगडीला उतरली नाही. ताई! वाडीतल्या बायका बोलावून बोलावून दमल्या. पाय मुरगळला म्हणाली. एसटी स्टँडपर्यंत चालत आली की नीट.

१ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो! लहानपणापासूनचं भांडण आज मी जिंकलो!

झालं काय, ताई पहिल्याच पुलावरच्या राक्षसाकडून हरली. ज्याला ती एका हातात वडापाव धरून मारायची, त्याच्याकडून. पुन्हा हरली, पुन्हा हरली. मी आपला तोंड दाबून हसतोय. मग तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, "कंटाळा आला यार या पळापळीचा. लाव तुझा तो रेशनवाला."

मी घरभर नाचलो. खरंच नाचलो, स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगून आलो, "ताई आपल्या पक्षात आली!" आई पाठमोरी मासे साफ करत होती. ताई मात्र सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत खूप हसली.

मग तिने पात्र बनवलं. नाव ठेवलं अनु. मंत्र मारणारी बाई. आणि सगळे पॉइंट बुद्धीत! ताकद शून्य. मी म्हटलं, "ए वेडे, ताकद शून्य ठेवून कोण खेळतं? साधं जड दार उघडता येणार नाही हिला."

"बाकीचे असतील ना सोबत, ते उघडतील."

"आणि एकटी पडली तर?"

"मग बघू," म्हणाली, "किती लांब जाते ते."

मूर्ख बिल्ड आहे, म्हणजे पॉइंटची वाटणीच चुकलीय. पण पहिल्यांदाच खेळतेय, सांगून काय उपयोग? चुकांतून शिकेल.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळताना आईने ताम्हण खालून धरलं होतं. मी विचारलं, "दोघी मिळून ओवाळताय, म्हणजे ओवाळणी पण डबल द्यायची का?" आई म्हणाली, "गप रव रे झिला." डोळे लाल. कांदा चिरला म्हणाली. आज घरात सगळं गोडाधोडाचं होतं.

ताई अधूनमधून ऑफिसातून लवकर निघून परळला जाते. ट्रेनिंग आहे म्हणे. विम्यावाल्यांचं परळला कसलं ट्रेनिंग? मला वाटतं कुणीतरी आहे. मी सरळ विचारलं, "कोण आहे गं?" तर म्हणाली, "आहे एक. फार बोलत नाही. हातोडीने गुडघ्यावर मारतो आणि लिहून घेतो." ही अशी. लग्न करून जाणार आणि माझं चॅनेल बोंबलणार.

खेळायला मात्र बसते. आता तिला गंमत यायला लागलीय. एक बदल माझ्या लक्षात आला. या मोठ्या मोकळ्या जगाच्या खेळांत मुख्य गोष्ट सोडून गावकऱ्यांची किरकोळ कामं करत फिरता येतं, आणि तोवर मुख्य संकट बिचारं ताटकळत उभं राहतं. ताईला याची भयंकर चीड होती. "राक्षस दारात आलाय आणि हा म्हातारीची हरवलेली कोंबडी शोधतोय. बनवणाऱ्याला अक्कल नाही," म्हणायची. मला ही त्या खेळांची खरी चूक वाटते, यावर आमचं एकमत होतं. आता तीच म्हणते, "थांब रे, आधी कोंबडी शोधू."

दुसरी तिची तक्रार मात्र तशीच आहे. या खेळांत कुणाशी बोलायचं तर तीनचार तयार वाक्यं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. ताई म्हणते, "मला जे म्हणायचं असतं ते त्यात कधीच नसतं."

१० डिसेंबर, रविवार

आज चांगलंच वाजलं.

अंधेरीच्या एका कॉलेजने फेस्टिव्हलला बोलावलंय. स्टेजवर मोठा पडदा, हजारभर पोरं, ताईने ॲक्शन खेळून दाखवायचं, मी तुलना समजावून सांगायची. याच्यानंतर चॅनेल कुठल्या कुठे जाईल. ताई म्हणते नाही. का? तर नको. मी म्हटलं, टर्नवाला दाखव. तर म्हणते, स्टेजच नको.

माझं डोकंच फिरलं. मी काय नाही बोललो! तुला चॅनेल सोडायचंय तर तोंडावर सांग. व्हिडिओत बोलणं मी करायचं, एडिटिंग मी करायचं, आता कंट्रोलर पण मीच धरायचा, मग तू काय हाताला मेंदी लावून बसलीयस?

आई आतून ओरडली, "सिद्धेश!" पूर्ण नाव घेऊन ती मला कधी हाक मारत नाही.

ताईने कंट्रोलर बाजूला सरकवला. मग म्हणाली, "येते. पुलावरचा राक्षस ना? येते."

शेवटी सरळ झाली. थोडं कडक बोलावंच लागतं.

१७ डिसेंबर

लिहितोय, कारण तिने लिही म्हटलंय.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताई बसली. राक्षस आला. तिने उजवीकडे उडी मारायची होती, ती तिथेच उभी राहिली आणि मेली. पोरं हसली. दुसऱ्यांदा मेली. शिट्ट्या सुरू झाल्या. तिसऱ्यांदा कंट्रोलर हातातून निसटून स्टेजवर पडला आणि माइकमध्ये त्याचा आवाज घुमला. मी माइक घेतला आणि म्हणालो, "काय आहे मित्रांनो, ताई आज रिटायर झाल्या. त्यांना टाळ्या." मी म्हणालो हे. माझ्याच तोंडाने.

ताईने हसून हात वर केला. अर्धाच वर गेला.

रिक्षात बसलो. तिला पर्सची चेन लावता येत नव्हती. मी चिडूनच लावून दिली. साकीनाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ती म्हणाली, "सिद्धू, हात गेले रे माझे."

मी म्हटलं, "प्रॅक्टिस नाहीये तुझी."

"तसं नाही. नसांचा आजार आहे. नाव लांबलचक आहे, घरी गेल्यावर सांगते. आधी हात, मग पाय, मग बोलणं. औषध आहे, पण ते नुसतं जरा हळू करतं."

परळ. हातोडीवाला. राखी. मी काय काय जुळवत बसलो.

"आईला?"

"आईला माहितेय. तुला सांगायचं नाही अशी मीच शपथ घातली तिला."

"का गं?"

ती बाहेर बघत होती. "मी तुझ्या पक्षात आले म्हणून केवढा नाचलास. बऱ्याच दिवसांनी घरात कोणी नाचलं. म्हटलं, नाचू दे."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी रडत होतो आणि ताई माझ्या गुडघ्यावर हात ठेवायला बघत होती, तो घसरत होता.

२१ डिसेंबर

काही नाही. मासे आणले. आईने ताईला भरवलं. मी गच्चीवर जाऊन रडून आलो.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

आता मी ताईचे हात. ती सांगते, मी दाबतो. "डावीकडच्याला आग. नाही रे गाढवा, त्याला नाही, टोपीवाल्याला." ती शिव्या घालते, मी खातो. पूर्वीसारखंच आहे, नुसता कंट्रोलर माझ्याकडे.

आज तिसरा प्रकार लावून बघितला. यात सगळे पळत असतात, पण मोठं बटण दाबलं की आहे तिथे थिजतात. मग निवांत हुकूम द्यायचे आणि परत सोडायचं. ताईला जाम आवडला. म्हणाली, "आपलं भांडण तेव्हा यानेच मिटलं असतं बघ. पळतो पण, आणि थांबवला की थांबतो पण."

मी बटण दाबून धरलं. पडद्यावर सगळे थिजले, आग हवेत, बाण हवेत. मी सोडलंच नाही. ताई म्हणाली, "सोड आता. आई जेवायला बोलावतेय."

८ सप्टेंबर

यंदा गावचा गणपती चुकला. ताईची चाकांची खुर्ची एसटीत चढत नाही.

ताईचं बोलणं जड झालंय. फोनवर लोकांना वाटतं ती प्यायलीय. एकाने तिला तसं म्हटलंसुद्धा. तिने त्याला जे सुनावलं ते मात्र मला आणि आईलाच कळलं.

अनु आता फार पुढे पोचलीय, तिच्या शून्य ताकदीसकट. सोबतचे दारं उघडतात, ओझी उचलतात, ती मागून मंत्र मारते. मी मूर्ख बिल्ड म्हटलं होतं. आता शेवटचं दार तेवढं राहिलंय. त्याच्यासमोर गेलं की खेळ विचारतो, आत गेल्यावर परत येता येणार नाही, जायचं का? ताई दर वेळी म्हणते, "नाही. आधी गावात बघू कुणाचं काही राहिलंय का."

मग आम्ही फिरतो. म्हातारीच्या कोंबड्या, लोहाराचा हरवलेला हातोडा, कुणाची तरी निरोपाची चिठ्ठी. काही काही कामं एवढी फालतू आहेत की बनवणारा स्वतःच विसरला असेल. ताई एक सोडत नाही. मी मोकळ्या जगाच्या खेळांबद्दल जे काही बोललो होतो ते सगळं मागे घेतो. राक्षस थांबतोय तर थांबू दे की मेल्याला.

२ फेब्रुवारी २०२५

आवाज गेला. डोळे आहेत. एकदा मिटले की हो, दोनदा की नाही.

मी खेळातलीच पद्धत घरात आणली. तिला तीन वाक्यं म्हणून दाखवतो, ती निवडते. एक, पाणी हवं. दोन, कुशीवर वळव. तीन, सिद्धू तू गाढव आहेस. तिसरं कायम ठेवतो. ती बहुतेक वेळा तेच निवडते आणि तिचे डोळे हसतात. आईला मात्र पर्याय लागत नाहीत. ती नुसती येते, उशी सरकवते, जाते. मी विचारलं, "तुला कसं कळतं गं?" तर म्हणाली, "बोलाक लागाच्या आधीपासून वळखतंय मी तिका."

कधी कधी तिन्हींना नाही येतं. मग मी आणखी तीन म्हणतो. त्यालाही नाही. मग ती डोळे मिटून पडून राहते आणि मला माहीत असतं की तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि मला ते सुचलं नाही. मला तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

९ ऑगस्ट, राखी

सकाळी आईने राखी ताईच्या बोटांत धरवली, तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि गाठ मारली. वेळ लागला. कुणालाच घाई नव्हती.

जेवणं झाल्यावर खेळ लावला. गावात कोंबडी उरली नाही. लोहार खूश, म्हातारी खूश, कुणाचं काहीच राहिलेलं नाही. मी अनुला सगळीकडे फिरवून आणलं. शेवटी दारासमोर उभं केलं.

म्हटलं, "एक, दार उघडायचं. दोन, अजून एक चक्कर मारायची. तीन, सिद्धू गाढव आहे."

नाही.

"एक, बंद करू. दोन, आईला बोलावू. तीन, झोपायचंय."

नाही. डोळे माझ्यावरून हलेनात. तिला धाप लागली होती. मी वाट्टेल ते विचारत सुटलो, पाणी, पंखा, डॉक्टर, दुखतंय का. नाही, नाही, नाही. मग तिने कपाटाकडे बघितलं. तिथे तिचे जुने ॲक्शनचे खेळ आहेत. मी म्हटलं, "हा? हा लावू?"

हो.

"पण मला येत नाही गं हा. तुला माहितेय."

हो.

"अनुचं काय? दारात उभी आहे ती."

हो. तिथेच राहू दे, असं असावं.

नवीन पात्र बनवायचं. पॉइंट कुठे टाकू विचारलं. बुद्धी? नाही. चपळाई? नाही. ताकद? हो. अजून? हो. अजून? हो. सगळेच्या सगळे पॉइंट तिने ताकदीत टाकायला लावले. मी म्हटलं, "हे पण मूर्ख बिल्डच आहे तुझं." ताईचे डोळे हसले.

मग नाव. अनु? नाही. ताई? नाही. आईचं नाव? नाही. मग अक्षरं म्हणत बसलो, क पासून एकेक. स ला हो आलं. पुढच्या अक्षराला वेळ लागला, तिला दम लागत होता, मी म्हटलं राहू दे, काहीही नाव ठेवतो. तर तिने दोनदा डोळे मिटले, जोरात. आई दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "तुझा नाव सांगता ती."

हो.

कळलं नाही मला. अनु चांगलं नाव होतं, सवयीचं होतं. पण टाकलं. सिद्धू, ताकद भरपूर, बाकी सगळं शून्य.

पुलावर गेलो. राक्षस आला. मी कुठलं तरी बटण दाबलं आणि मेलो. परत गेलो, मेलो. पडदा मला नीट दिसत नव्हता, डोळे भरून आले होते. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हटलं, "ताई, नाही जमत मला. तू नसताना तर नाहीच जमणार."

ती माझ्याकडे बघत होती. आईने माझा कंट्रोलर उचलून पुन्हा माझ्या हातात दिला, उलटा.

"परत?" मी विचारलं.

हो.